सांडव्यावरची ताटी

जमुनाबाईला सरकार ओळखीचं होतं ते मागच्या दारांनी. साकोलीला आठवड्यातून दोनदा तिची मासळीची टोपली उतरायची. तहसीलदारांच्या घरी रोहू लागे. पाटबंधाऱ्याच्या ओव्हरसियरला मरळ आवडे. आमदारसाहेबांच्या बंगल्यावर पाहुणे फार, तिथं जे उरेल ते खपे. कोर्टामागच्या क्वार्टरात जज्जसाहेब राहत. त्यांच्याकडे मासळी शिजत नसे, पण बाईंनी मांजर पाळलं होतं आणि त्याच्यासाठी मूठभर झिंगे घेतले जात. या घरांच्या समोरच्या बाजूला कसल्या कचेऱ्या आहेत आणि कोण कोणाच्या वर आहे, हे तिनं कधी विचारलं नव्हतं. तिच्या लेखी ती चार घरं मिळून एक सरकार होतं आणि ते वेळेवर पैसे देत होतं.

खटला उभा राहिल्यापासून मात्र तिला सरकारची भीती वाटू लागली होती.

खटला होता एका ताटीचा. बोरटोल्याचा तलाव जुना, मालगुजारीच्या, म्हणजे जुन्या जमीनदारीच्या काळातला. मालगुजारी गेली आणि तो सरकारजमा झाला. त्यात मासे धरायचा ठेका ढीवरांच्या सोसायटीकडे होता आणि जमुनाबाईचा नवरा बुधराम त्या सोसायटीचा अध्यक्ष. तलाव भरला की जादा पाणी एका टोकाच्या सांडव्यावरून नाल्यात पडे आणि त्याबरोबर मासे पळत. म्हणून श्रावणात ढीवर लोक सांडव्यावर बांबूची ताटी बांधत. पाणी कांब्यांमधून जाई, मासे मागे राहत. पण ताटीला कचरा अडे, पाणी तुंबून हातभर चढे आणि तलावाच्या वरच्या अंगाला असलेलं पुंडलिकरावांचं धान बुडे. एका वर्षी पुंडलिकरावांनी गडी पाठवून ताटी उपटली. मारामारी झाली आणि प्रकरण कोर्टात गेलं. कोर्टानं हुकूम दिला की निकाल लागेपर्यंत सगळं जैसे थे राहील, ताटीला कोणत्याच पक्षानं हात लावायचा नाही. हुकूम झाला तेव्हा ताटी पुन्हा लावलेली होती, म्हणून ढीवरांच्या वस्तीनं, ढीवरटोलीनं, गूळ वाटला.

वकिलानं बुधरामला बजावून सांगितलं होतं, "एक कांबी जरी हलली तर केस गेली म्हणून समजा. वर जेल." पुंडलिकरावांच्या वकिलानंही त्यांना बहुतेक असंच काही सांगितलं असावं, कारण त्या दिवसापासून त्यांचे गडी सांडव्याकडं फिरकेनासे झाले.

ही गोष्ट एक्क्याऐंशी सालच्या पावसाळ्यातली. झड लागली होती. रविवारी सकाळी जमुनाबाई तलावाच्या पारेवर, मातीच्या बांधावर, चढली आणि जागच्या जागी थांबली. ताटी दिसतच नव्हती. बेशरमाच्या फांद्या, शेवाळाचे लोळ, कुठून तरी वाहून आलेलं छपराचं गवत, असं सगळं तिच्यावर थापलं गेलं होतं. सांडव्यावरून उतरणारं पाणी हाताच्या बोटांतून गळावं तसं गळत होतं आणि मागे तलाव फुगला होता. पारेच्या माथ्याला तो टेकायचाच बाकी होता.

ती पारेच्या पायथ्याशी उतरली. तिथं एका जागी झिरप असे, पावसाळ्यात असतेच. कालपर्यंत ते पाणी स्वच्छ होतं, इतकं की बाया त्यात भांडी विसळत. आज तिनं ओंजळ भरली तर तळवा दिसेना. पाणी मातकट होतं. तलावाकाठी राहणाऱ्याला याचा अर्थ सांगावा लागत नाही. स्वच्छ पाणी नुसतं बाहेर येतं. मातकट पाणी आतून पार पोखरत येतं.

तिच्या मागे ढीवरटोली होती, पारेच्या सावलीत म्हणावी इतकी जवळ. टोलीतून बाहेर पडायला एका बाजूला नाला होता आणि तो दुथडी वाहत होता. दुसरी वाट गावाकडची, ती पारेवरूनच जात होती.

घरी बुधराम गोधडीत थरथरत पडला होता. त्याला हिवताप होता. ओसरीत टोलीतली माणसं जमली होती. बाबुलाल नावाचा तिचा चुलतदीर कुऱ्हाड घेऊनच आला होता.

"चार घाव घालतो अन् ताटी मोकळी करतो," तो म्हणाला.

"हात नोको लावू," गोधडीतून बुधराम म्हणाला. "पुंडलिकराव त्याचीच वाट पाहून राहिला. आपण ताटी काढली का तो उद्या कोर्टात उभा. मंग ठेकाबी गेला अन् मीबी गेलो. अध्यक्ष म्हणून माया अंगठा हाये तिथं."

"अन् पार फुटली तं?"

बाबुलालनं कुऱ्हाड कुडाला टेकवली. जमुनाबाईला त्याच क्षणी कळलं, की टोलीतल्या माणसांना पाण्याचं भय आहे, पण कागदाचं त्याहून जास्त आहे. पाणी त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. कोर्ट पाहिलं नव्हतं.

"मी साकोलीले जाऊन येतो," ती म्हणाली. "तिथं सारे मले ओळखतात."

"टोपली घेऊन जा मंग, वैनी," बाबुलाल म्हणाला. "रिकाम्या हातानं गेली तं ओळखणार नाही."

कोणी हसलं नाही, पण तिनं टोपली घेतली. पारेवरून जाताना तिनं पावलं हलकी टाकली, जणू तिच्याच वजनानं काही होईल.

हमरस्त्यावर तिला रायपूरकडून येणारा ट्रक मिळाला. रविवार असूनही तहसील कचेरी उघडी होती. पुराच्या खबरा येत होत्या आणि तहसीलदार स्वतः फोनजवळ बसले होते. डोळे लाल, दाढी वाढलेली. त्यांनी तिचं सगळं ऐकून घेतलं, मधे एकदाही हटकलं नाही. त्यामुळे तिला धीर आला.

"बाई, तलावाची जमीन माझ्या दप्तरी आहे," ते म्हणाले. "पार दुरुस्त करायची जिल्हा परिषदेनं. पाणी सोडायचं पाटबंधाऱ्यानं. मासे मत्स्य खात्याचे. एरवी मी यातल्या कोणालाही न विचारता ताटी काढायला लावली असती आणि मग उत्तरं देत बसलो असतो. पण तिच्यावर कोर्टाचा हुकूम आहे. तो मला मोडता येत नाही."

"तुमी तं सरकार हाव ना, साहेब."

"मी आहे. कोर्टही आहे. पण कोर्ट माझ्या खाली नाही. माझ्या वर कलेक्टर आहेत, त्यांच्याही खाली नाही. मुख्यमंत्र्यांच्याही नाही." ते हे सावकाश बोलले. तिला समजावून सांगत होते, की स्वतःलाच, हे कळलं नाही. "टोली रिकामी करायचा हुकूम मी देऊ शकतो. कोतवालाला पाठवतो. माणसं शाळेत न्या."

"वाट पारेवरूनच जाते, साहेब. चारशे माणूस, म्हातारे, तापाचे, सारे त्याच पारेवरून नेऊ?"

फोन वाजला. दुसऱ्या कुठल्या तरी गावात घरं पडली होती. त्यांनी फोन कानाला लावला आणि तिच्याकडं पाहून मान हलवली. ती हो होती की नाही, ते तिला समजलं नाही.

आमदारसाहेब मुंबईला अधिवेशनात होते. बंगल्यावर त्यांचा साळा बसला होता, मोठा बोलघेवडा माणूस.

"कोर्टाचं म्हणता? अवो, कायदा करणारे कोण? आमचे भाऊजी. कोर्ट त्याच कायद्यानं चालते."

"मंग भाऊजीले फोन लावा ना, कोर्टाले सांगा म्हणा."

तो जरा ओशाळला. "तसं नाही होत, बाई. कायदा एकदा करून देला का मंग तो त्याईच्या हाती. मधातच सांगाले गेलं तं भाऊजीवरच उलटते." मग त्याला सुचलं. "प्रश्न टाकू. तारांकित. मंत्र्याले उभं राहून उत्तर द्या लागते."

"उत्तर कधी येते?"

"हे अधिवेशन तं सरतच आलं. हिवाळ्यात नागपूरले येईल."

जमुनाबाई पायऱ्या उतरली. पाऊस पुन्हा वाढला होता. आता एकच दार उरलं होतं, आणि त्या दारात झिंग्यांपलीकडं ती कधी बोलली नव्हती. तरी ती गेली.

दार जज्जसाहेबांनीच उघडलं. बारीक अंगाचा माणूस, चष्मा, हातात पुस्तक. तिनं टोपली खाली ठेवली आणि हात जोडले. "साहेब, मी बोरटोल्याच्या बुधरामची बायको. ते ताटीची केस..."

"थांबा." त्यांनी हात वर केला. आवाज चढवला नाही, पण चेहऱ्यावरचं सगळं एकदम मिटलं. "केसबद्दल एक शब्दही बोलू नका. समोरचा पक्ष इथं नाही. तुमचं एकटीचं मी घरात ऐकलं तर मला ही केस चालवता येणार नाही. उद्या अकरा वाजता वकिलामार्फत अर्ज करा."

"पण साहेब, पाणी..."

"बाई, मी ऐकलेलं नाही." दार लागलं. आतून कडी बसली.

ती पावसात उभी राहिली. आपण काय करून बसलो हे तिला नीट कळत नव्हतं, एवढंच कळत होतं की काही तरी भयंकर केलं आहे. केस हरली असेल. उद्या बुधरामला धरायला येतील. तापल्या अंगाच्या बुधरामला पोलीस गाडीत चढवत आहेत, असं चित्र तिला दिसू लागलं आणि त्याच चित्राच्या मागे तिला मातकट पाणी दिसत राहिलं.

"ये जमुना, इकडं ये." क्वार्टरच्या मागच्या खोलीतून कोर्टाचा चपराशी डोमा हाक मारत होता. तो तिचं जुनं गिऱ्हाईक. "येडी झाली का? जज्जाले घरी जाऊन सांगते का कोणी?"

"मंग कुठी सांगू? तहसीलदार म्हणते कोर्ट माया खाली नाही. आमदाराचा साळा म्हणते कायदा आमचा पण हात नाही लावत. जज्ज म्हणते मी ऐकलंच नाही. पार काही अकरा वाजताची वाट पाहणार नाही, डोमाभाऊ."

डोमानं तिला आत घेतलं, कोरा चहा दिला. बराच वेळ तो बिडी नुसतीच बोटांत फिरवत राहिला.

"पाह्य," तो शेवटी म्हणाला. "तहसीलदाराले पाय हायेत. तो कुठीबी जाते, स्वतःहून. कोर्टाले पाय नाही. कोणी उचलून समोर आणून ठेवलं तेच ते पाहते. इतके जज्ज आले अन् गेले, एकानंबी सकाळी उठून मले इचारलं नाही, का डोमा, बोरटोल्याची ताटी जाग्यावर हाये का."

"मंग त्याईले सांगते कोण?"

"तुमच्यावर पुंडलिकराव सांगन. पुंडलिकरावावर तुमी सांगान. तिसरं कोणाले काय पडलं हाये?" त्यानं बिडी पेटवली. "अन् हे मी तुले सांगतलं नाही. मी घरीच नव्हतो."

बस दुपारी होती. परत येताना तिनं डोमाच्या 'तिसरं कोणाले काय पडलं हाये' या वाक्याचा विचार केला. जाळ्याची गाठ सोडवताना बोटं जसा विचार करतात तसा, हळूहळू आणि एकाच जागी. ती घरी गेली नाही. ती पुंडलिकरावांच्या ओसरीवर गेली.

पुंडलिकराव घोंगडी पांघरून बसले होते. ढीवरांची बाई दारात पाहून ते उठले, मग उठलो याचाच त्यांना राग आल्यासारखे परत बसले. त्यांची बायको सत्यभामाबाई दाराआडून बाहेर आली.

"भाऊ, झिरपीचं पाणी मातकट झालं," जमुनाबाई म्हणाली. "ताटी काढा लागते."

पुंडलिकरावांचा चेहरा बदलला. सांडव्याच्या खालच्या अंगाला त्यांचं आणखी धान होतं, आणि त्या तलावाच्या पाण्यावरच ते पिकत होतं. पण त्यांनी घोंगडी अंगाभोवती ओढून घेतली.

"काढा ना मंग. तुमचीच ताटी हाये. मी कायले आडवा येतो?"

"अन् उद्या वकिलाले काय सांगान?"

"म्हणीन, मी पाहिलं नाही."

"पाहिलं नाही म्हणणाऱ्याले दुसऱ्या दिवशी सारं दिसते, भाऊ."

"मंग काय पाह्यजे तुले?"

"तुमी या. तुमीबी हात लावा."

पुंडलिकराव हसले, पण ते हसू काही खरं नव्हतं. "वा वा. म्हणजे मी हात लावू, अन् तुमचे पन्नास साक्षीदार पारेवर उभे राहून पाहू. मंग पोलीस कोणाच्या दारात येते? पयलेबी ताटी मीच उपटली होती, हे लिहून हाये कोर्टात. मले बुद्धू समजते का?"

तेव्हा जमुनाबाईला दिसलं, की समोर बसलेला माणूसही दिवसभर तिच्यासारखाच घाबरून बसला आहे. तिला याचं बरं वाटलं नाही. उलट भीती वाढली. दोघांपैकी एक तरी निर्भय असता तर बरं झालं असतं.

"एकच कांबी धरू," ती म्हणाली. "तुमीबी अन् मीबी. संगच ओढू. मंग तुमी सांगतलं तं तुमीबी जाल, मी सांगतलं तं मीबी जाईन."

"अन् तुह्या नवऱ्यानं सांगतलं तं?"

"तो मले जेलात धाडन का? सैपाक कोण करन त्याचा?"

सत्यभामाबाई पदराआड हसली. मग नवऱ्याकडं वळून म्हणाली, "कोर्टात जाताना तं धोतराले इस्त्री करून जाता. पाण्यात जायले काहून जड होऊन राहिलं? पार गेली तं यंदा काय खायचं, तारखा?"

पुंडलिकराव घोंगडी टाकून उठले.

सांडव्यापाशी टोली जमली होती, गावातलीही माणसं आली. जमुनाबाई आणि पुंडलिकराव कडेच्या दगडांना धरून पाण्यात उतरले. पाणी मांड्यांना ढकलत होतं. ताटी आता भिंतीसारखी ताणली होती, तिच्यातून कुरकुर ऐकू येत होती. जमुनाबाईनं कडेची कांबी धरली. पुंडलिकरावांनी त्याच कांबीवर हात ठेवला, मग काढून घेतला, मागे वळून पारेवरच्या माणसांकडं पाहिलं.

"पाहून राहिले सारे," ते पुटपुटले.

"पाहू द्या. दोघंबी दिसतो."

त्यांनी पुन्हा हात घातला. पहिल्या ओढीला काही झालं नाही. दुसऱ्या ओढीला बंध तुटला आणि ताटीचं एक टोक सटकलं. पुढचं त्या दोघांच्या हाती राहिलंच नाही. सगळा कचरा एका आवाजासरशी हलला, ताटी वाकली, मोडली आणि पाण्याच्या भिंतीसकट नाल्यात कोसळली. पुंडलिकरावांचा पाय सुटला. जमुनाबाईनं त्यांचा दंड धरला, वरून बाबुलालनं तिचा धरला, आणि तिघं कसेबसे दगडावर आले. तिच्या पायांना काही तरी लागून जात होतं, गार, भरभर, एकामागून एक. मासे होते. वर्षभराचे मासे तिच्या पोटऱ्यांना घासून नाल्यात चालले होते. तिनं खाली पाहिलं नाही.

अंधार पडायच्या आत तलाव वीतभर उतरला. झिरप मात्र मातकटच होती. टोलीतली माणसं रांगेनं, म्हाताऱ्यांना पाठीवर घेऊन, पारेवरून गावच्या शाळेत गेली. पुंडलिकरावांनी चटया पाठवल्या. बुधरामला बाबुलालनं खांद्यावर नेलं. तो सारखा विचारत होता, "कोण काढली? ताटी कोण काढली?" आणि कोणी त्याला उत्तर देत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ओंजळीत तळवा दिसला.

त्यानंतरच्या भीतीला आवाज नव्हता. पाऊस उघडला, आणि ताटी नसलेला सांडवा उघडा पडला. रस्त्यानं जाणाऱ्या कोणालाही तो दिसत होता. पटवारी येऊन गेला तेव्हा जमुनाबाई घरातून बाहेर पडली नाही. तारीख जवळ आली होती. एका संध्याकाळी पुंडलिकराव स्वतः टोलीत आले, आयुष्यात पहिल्यांदा.

"जैसे थे म्हणते ना कोर्ट," ते खालच्या आवाजात बुधरामला म्हणाले. "मंग ताटी पाह्यजे तिथं. लावून टाका."

"बांबू नाही," बुधराम म्हणाला. "सारे वाहून गेले."

पुंडलिकराव जायला वळले आणि वळता वळता म्हणाले, "माया बेटातले न्या."

अशा रीतीनं, जी ताटी हटावी म्हणून त्यांनी खटला चालवला होता, ती पुंडलिकरावांच्या बांबूची, त्यांच्या गड्यांच्या हातानं, पुन्हा सांडव्यावर उभी राहिली. बांबू हिरवे दिसत होते. जमुनाबाई आणि सत्यभामाबाईंनी त्यांना चिखल फासला, शेवाळ गुंडाळलं. मागे अडवायला मासे नव्हतेच.

तारखेच्या दिवशी कोर्टात गर्दी होती. बुधरामसोबत जमुनाबाई मागच्या बाकावर बसली. पुंडलिकराव पलीकडच्या बाकावर होते. डोमानं पुकारा केला आणि तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

जज्जसाहेबांनी कागद चाळले. "अंतरिम हुकूम कायम आहे. परिस्थिती जैसे थे आहे?"

"होय, साहेब," एक वकील म्हणाला.

"होय, साहेब," दुसरा म्हणाला.

जज्जसाहेबांनी मान वर केली. चष्म्यातून त्यांची नजर बाकांवरून फिरत आली आणि जमुनाबाईवर थांबली. तिला वाटलं, आता विचारतील. त्या रविवारी पाणी म्हणून काय सांगत होतात, असं विचारतील, आणि आपल्याला खोटं बोलता येणार नाही. तिनं बाकाची कड धरली. पलीकडं पुंडलिकरावांनी मान खाली घातली होती, त्यांच्या कानामागून घाम ओघळत होता.

"कोणाला काही अर्ज द्यायचा आहे?" जज्जसाहेबांनी विचारलं. प्रश्न वकिलांना होता, नजर मात्र हलली नव्हती.

कोणाला काही द्यायचं नव्हतं.

त्यांनी टाक उचलला आणि पुढची तारीख दिली, पौषातली.

बाहेर आल्यावर पुंडलिकराव तिच्याजवळून जाताना क्षणभर रेंगाळले. "त्याईले माहीत हाये का?" त्यांनी विचारलं.

"मले नाही समजलं," ती म्हणाली.

"अन् पुढच्या सालात पुन्हा असंच पाणी आलं तं?"

बुधराम तिच्याकडं पाहत होता, मग पुंडलिकरावांकडं. समोर रस्त्यावरून तहसीलदारांची जीप गेली, आणि तिघंही नकळत एक पाऊल मागे सरले.